नाशिकचा भांडी बाजार आणि भांड्यांवरील नावे

नाशिक म्हटले की रामकुंड, पंचवटी आणि सिंहस्थ ही नावे प्रथम ओठांवर येतात, आणि ते योग्यच आहे. तथापि जेथे तीर्थ तेथे यात्रा, आणि जेथे यात्रा तेथे बाजार, हा नियम नाशिकलाही लागू आहे. जुन्या नाशकात भांडी बाजार, सराफ बाजार, दूध बाजार, कुंभारवाडा, पगडबंद लेन, हुंडीवाला लेन आणि आपली तांबट लेन ही नावे आजही नांदत आहेत. धंद्यांवरून पडलेली ही नावे म्हणजे शहराचा एक बिनछापील इतिहासच होय. त्यांपैकी ज्या बाजाराशी आपल्या समाजाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आला, त्या तांब्यापितळेच्या बाजाराविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

नाशिकच्या कारागिरांचा सर्वांत जुना लेखी पुरावा बाजारात नसून शहराच्या दक्षिणेस त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेण्यांत आहे. तेथील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. तो इसवी सनाच्या पहिल्या दोन शतकांतला होय. उषवदाताने भिक्षूंसाठी ३,००० कार्षापणांची कायम ठेव ठेविली, आणि ती गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे सोपविली. पहिल्या श्रेणीकडे २,००० शेकडा एक व्याजाने आणि दुसरीकडे १,००० शेकडा पाऊण व्याजाने. पहिल्या रकमेच्या व्याजातून वीस भिक्षूंना वस्त्रांसाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावयाचे होते. हिशेब करून पाहावा. वीस गुणिले बारा म्हणजे २४०, आणि दरमहा शेकडा एक दराने २,००० चे वर्षाचे व्याजही तेवढेच होते. हा सर्व व्यवहार नगरसभेत जाहीर करून फलकावर नोंदविला, असेही लेखात सांगितले आहे. पुढे तिसऱ्या शतकात आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळीही येथील तेल गाळणाऱ्यांच्या आणि इतर कारागिरांच्या श्रेणींकडे अशाच ठेवी ठेविल्या गेल्या. तात्पर्य, राजाच्या जावयाने ज्यांच्यावर विश्वास टाकावा अशी कारागिरांची पत येथे होती, आणि ती पत नाव व आकडे कोरून ठेविल्यामुळेच आज आपणांस कळते.

मोगल अमदानीत हे शहर गुलशनाबाद म्हणून ओळखले जाई. मराठ्यांच्या अमलात त्यास जुने नाव परत मिळाले आणि देवळे व वाडे उभे राहिले. १७४७ साली नारोशंकरांनी गोदातीरी रामेश्वराचे देऊळ बांधिले. तेथील प्रचंड घंटा पोर्तुगीजांची. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकल्यानंतर ती येथे आली. सराफ बाजाराजवळ पेशव्यांचा सरकारवाडा उभा राहिला. देवळांस समया, ताम्हने आणि पंचपात्रे लागत, वाड्यांस हंडे, घंगाळी, पराती व बंब लागत, आणि यात्रेकरूंस गंगेचे पाणी गावी नेण्यासाठी गडू लागत. तांबटाचा हात त्या काळी रिकामा राहण्याचे कारण नव्हते.

हे काम कष्टाचे. पत्रा भट्टीत तापवून मऊ करावयाचा, खरवईवर धरून ठोकीत ठोकीत त्याला गोलाई आणावयाची, जोड डाखाने सांधावयाचा, आणि शेवटी एकसारखे ठोके देऊन मठारकाम करावयाचे. मठारणे केवळ शोभेसाठी नव्हे. त्या ठोक्यांनी मऊ तांबे कठीण होते आणि भांड्यास लवकर पोचे पडत नाहीत. टुक्‌टुक्‌ असा सारखा आवाज करणाऱ्या एका हिरव्या पाखरास मराठीत तांबट म्हणतात, हे आपल्या धंद्याचे स्मारकच म्हणावे लागेल.

१८१८ मध्ये इंग्रजी अंमल आला आणि १८६५ मध्ये थळघाटातील लोहमार्ग खुला होऊन नाशिक थेट मुंबईशी जोडले गेले. विलायती पत्रा सुलभ झाला, पण त्याच वाटेने यंत्रावर दाबून काढलेली भांडीही आली. पुढे ॲल्युमिनियम आले, आणि त्यामागून स्टेनलेस स्टीलने स्वयंपाकघर काबीज केले. त्यास कल्हई लागत नाही आणि आंबट पदार्थ त्यात कळकत नाहीत. गृहिणींनी ते पत्करिले यात त्यांना दोष देता येत नाही.

परंतु तांब्यापितळेत एक गुण असा की भांडे फुटले तरी त्याची किंमत बुडत नाही. मोड देऊन नवे घेता येते. म्हणून लेकीच्या लग्नात दिलेला हंडा ही तिची अडीअडचणीची ठेवही असे. त्या हंड्यावर नाव, गाव, साल आणि क्वचित प्रसंगही ठिपक्यांनी कोरलेला असे. गोदावरीच्या १९६९ च्या महापुराने आणि पुन्हा २००८ च्या पुराने भांडी बाजार व सराफ बाजार पाण्याखाली घातले. अशा पुरात चोपड्या भिजतात, शाई पसरते, पण कोरलेले नाव धुऊन जात नाही.

पुराने न पुसलेली ही नावे आज मोडीच्या तराजूत मात्र नाहीशी होत आहेत. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरची भांडी निघतात, वजन होते, रुपये हाती येतात, आणि आजीच्या माहेरचे गाव व पणजोबांच्या हातचे मठारकाम एकदमच भट्टीत जाते. जागा अपुरी आहे, गरज खरी आहे, हे आम्ही जाणतो. भांडी विकू नयेत असे आमचे म्हणणे नाही. विकण्यापूर्वी त्यावरील अक्षरे जशीच्या तशी उतरून घ्यावीत, भांड्याचे छायाचित्र काढावे, ते कोणी घडविले हे घरातील वडीलधाऱ्यांस विचारून लिहावे, आणि ती नोंद आपल्या मंडळाकडे पाठवावी, एवढीच आमची विनंती आहे. ज्यांच्या घरी खरवई व हातोडे अजून आहेत त्यांनी अवजारांची नावेही कळवावीत, कारण ती नावे जाणणारे हात आता थोडेच उरले आहेत.

विणकरांच्या श्रेणींचे व्यवहार फलकावर नोंदविले गेले, म्हणून त्यांची पत आज आपणांस ठाऊक आहे. आपल्या समाजाचा असा फलक घरोघरी माळ्यावर पडून आहे. मंडळाने पुढील वर्षाच्या अंकात त्यासाठी काही पाने राखून ठेवावीत आणि समाजबंधू-भगिनींनी ती भरून काढावीत, अशी सूचना करून आम्ही हा लेख पुरा करतो.