आगीपासून राखणारी रसायने आणि रांगणारे मूल

पुणे-नाशिक रस्त्याने भोसरी, मोशी मागे टाकून चाकणकडे निघाले, की नव्या मोटारी लादलेले लांबलचक ट्रेलर समोरून येताना दिसतात. एके काळी या पट्ट्याची ओळख पिंपरीतील टेल्को आणि आकुर्डीतील बजाज अशी होती. पुढे चाकणमध्ये महिंद्र, फोक्सवागन आणि मर्सिडीज आल्या. त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान-मोठ्या कारखान्यांची तर गणतीच नाही. या मोटारींतील सीटचा फोम, छताचे कापड, डॅशबोर्डचे प्लास्टिक यांना एक परीक्षा द्यावी लागते. आयएस १५०६१ या भारतीय मानकानुसार अशा पदार्थाची पट्टी आडवी धरून तिच्या एका टोकाला ज्योत लावतात. ज्वाला मिनिटाला १०० मिलिमीटरपेक्षा अधिक वेगाने पुढे सरकता कामा नये. अमेरिकेत १९७२ पासून लागू असलेल्या मानकाचीच ही भारतीय आवृत्ती म्हणावी लागेल.

पॉलियुरेथेनचा फोम मुळात भराभर पेटणारा. त्याला या परीक्षेत उत्तीर्ण करण्याचा सोपा आणि स्वस्त मार्ग म्हणजे त्यात ज्वालारोधक रसायने मिसळणे. दूरचित्रवाणी संचाचे कवच, संगणक, वायरींचे आवरण, इमारतींत वापरले जाणारे थर्मोकोल यांतही ती असतात. ही रसायने हवेत आणि धुळीत उतरतात, तेथून माणसाच्या शरीरात जातात, हे आता निर्विवाद आहे. ती कोणत्या वयात सर्वाधिक जातात, याचे उत्तर मात्र अनेकांना अनपेक्षित वाटेल. ती सर्वाधिक आढळतात दोन-अडीच वर्षांच्या मुलांत.

ज्योत कशी थांबते?

ज्वलन ही साखळी अभिक्रिया आहे. ब्रोमिन किंवा क्लोरिन असलेले रसायन तापले की त्यातून हॅलोजनचे अणू सुटतात आणि ज्वालेतील क्रियाशील कणांना निष्प्रभ करून ही साखळी तोडतात. फॉस्फरसयुक्त रसायने बहुधा निराळ्या पद्धतीने काम करतात. ती पदार्थाच्या पृष्ठभागावर कोळशाचा थर निर्माण करून प्राणवायूला अटकाव करतात. येथवर सारे ठीक. अडचण पुढे आहे. छापील सर्किट बोर्डात वापरले जाणारे टेट्राब्रोमोबिस्फेनॉल-ए हे रसायन प्लास्टिकच्या रेणूंशी रासायनिक बंधाने जोडले जाते, त्यामुळे ते बऱ्याच अंशी जागच्या जागी राहते. परंतु फोममध्ये आणि टीव्हीच्या कवचात घातलेली बहुतेक रसायने केवळ मिसळलेली असतात. जुन्या टीव्हीच्या कवचात वजनाच्या १० ते १५ टक्के 'डेका' हे रसायन असे, यावरून प्रमाणाची कल्पना यावी. वर्षानुवर्षे ती हळूहळू बाहेर झिरपतात आणि धुळीच्या कणांना चिकटतात.

पॉलिब्रोमिनेटेड डायफिनाइल ईथर, म्हणजेच संक्षेपाने पीबीडीई, हा या कुळातील सर्वाधिक अभ्यासला गेलेला गट. पेंटा, ऑक्टा आणि डेका ही त्याची तीन व्यापारी मिश्रणे होती. त्यांची रचना थायरॉइड ग्रंथीच्या थायरॉक्सिन या संप्रेरकाशी मिळतीजुळती आहे आणि गर्भाच्या मेंदूची वाढ याच संप्रेरकावर अवलंबून असते. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर प्रसूत झालेल्या महिलांच्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास झाला. नाळेच्या रक्तात पीबीडीई अधिक असलेल्या मुलांना बौद्धिक विकासाच्या चाचण्यांत कमी गुण मिळाल्याचे २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. कॅलिफोर्नियातील सॅलिनास खोऱ्यात शेतमजूर कुटुंबांतील मुलांवर झालेल्या अभ्यासातूनही २०१३ मध्ये त्याच दिशेचे निष्कर्ष निघाले. एखाद्या मुलाच्या बाबतीत 'याला हे यामुळेच झाले' असे अशा अभ्यासांतून सांगता येत नाही. समूहाचा कल मात्र दिसतो, आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही.

उलटी उतरंड

डीडीटी किंवा पीसीबी यांसारख्या जुन्या, चिवट प्रदूषकांचा एक ठरलेला नियम होता. वय वाढेल तसा शरीरातील साठा वाढत जाई. ती मुख्यतः अन्नातून, विशेषतः स्निग्ध पदार्थांतून येत आणि चरबीत साठून राहत. पीबीडीई हा नियम पाळत नाहीत. ऑस्ट्रेलियात वयोगटांनुसार रक्ताचे नमुने एकत्र करून केलेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या रक्तातील पातळी तान्ह्या बाळांपेक्षाही अधिक आणि प्रौढांपेक्षाही अधिक आढळली. साधारण अडीच वर्षांच्या आसपास शिखर, त्यानंतर उतार, आणि प्रौढ वयात वयागणिक फारसा फरक नाही, असा तो आलेख होता.

कारण धूळ. जमिनीवर रांगणारे, खेळणारे मूल दिवसातून असंख्य वेळा हात तोंडात घालते. त्याचे वजन दहा-बारा किलो, वडिलांचे साठ-पासष्ट. दोघांच्या पोटात समान धूळ गेली, तरी दर किलो वजनामागे मुलाच्या वाट्याला पाचपट मात्रा येते. प्रत्यक्षात मूल त्याहून अधिक धूळ गिळते. अमेरिकेत २००७ मध्ये पाळीव मांजरांच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा त्यांच्यात पीबीडीईची पातळी तेथील प्रौढ माणसांच्या २० ते १०० पट निघाली. मांजर जमिनीवर लोळते आणि अंग चाटते. रांगत्या मुलाचे वागणे, या एका बाबतीत, मांजरापेक्षा फारसे वेगळे नसते.

त्याआधीच्या टप्प्यांवर मार्ग निराळे आहेत. गर्भाला ही रसायने नाळेतून मिळतात, अर्भकाला आईच्या दुधातून. स्टॉकहोममध्ये जपून ठेवलेल्या मातृदुग्धाच्या नमुन्यांची तपासणी केली असता १९७२ ते १९९७ या काळात पीबीडीईचे प्रमाण सुमारे दर पाच वर्षांनी दुप्पट होत गेल्याचे दिसले. वापर थांबू लागला, तशी ती चढण उतरणीला लागली. भारतातही मुंबई, दिल्ली आणि कोलकाता येथे २००९ मध्ये घेतलेल्या मातृदुग्धाच्या नमुन्यांत ब्रोमिनयुक्त ज्वालारोधके आढळली, आणि कोलकात्यातील कचराभूमीलगत राहणाऱ्या मातांमध्ये त्यांचे प्रमाण अधिक होते. या माहितीचा अर्थ स्तनपान टाळावे, असा कोणीही घेऊ नये. स्तनपानाचे लाभ या जोखमीपेक्षा कितीतरी मोठे आहेत आणि वैद्यकीय सल्ला त्यालाच अनुकूल आहे.

प्रौढांच्या बाबतीत प्रश्न वयाचा कमी आणि व्यवसायाचा अधिक असतो. स्वीडनमध्ये १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जुनी इलेक्ट्रॉनिक उपकरणे सुटी करणाऱ्या कामगारांच्या रक्तातील पातळी कार्यालयीन संगणकावर काम करणाऱ्यांपेक्षा, तसेच रुग्णालयातील स्वच्छता कर्मचाऱ्यांपेक्षा अधिक होती. उन्हाळी सुटी संपवून हेच कामगार परतले, तेव्हा त्यांच्या रक्तातील काही घटक घटले होते. डेकाचे रक्तातील अर्धायुष्य जेमतेम १५ दिवसांचे, म्हणून सुटीचा परिणाम दिसला. पेंटामधील घटक मात्र वर्षानुवर्षे मुक्काम करतात.

कुदळवाडीचे भंगार

हे निष्कर्ष पिंपरी-चिंचवडच्या नकाशावर ठेवले, की प्रथम नजर जाते ती चिखलीजवळच्या कुदळवाडीकडे. उद्योगनगरीतून बाहेर पडणारे प्लास्टिक, रबर, फोम, वायरी, जुनी यंत्रे यांची उलाढाल अनेक वर्षे येथील पत्र्याच्या गोदामांत होत असे. या गोदामांना वारंवार आगी लागत. डिसेंबर २०२४ मधील भीषण आगीचे काळे लोट दूरवरून दिसत होते. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये महापालिकेने येथील अनधिकृत बांधकामांवर मोठी कारवाई केली आणि गोदामे भुईसपाट झाली.

आगीची बातमी दोन दिवसांत विरते. ब्रोमिनयुक्त प्लास्टिक अर्धवट जळते, तेव्हा त्यातून ब्रोमिनेटेड डायॉक्सिन आणि फ्युरान तयार होतात, ही गोष्ट बातमीत सहसा येत नाही. आग विझवायला गेलेला जवान, राखेतून तांबे वेचणारी बाई, शेजारच्या खोलीत झोपलेले तिचे मूल या सर्वांना तो धूर आणि ती राख मिळते. तांब्यासाठी वायरी जाळणे याच प्रकारात मोडते, ते दहा किलोचे असो वा दहा टनांचे. शिवाय गोदामे हटवली म्हणून भंगार नाहीसे होत नाही. ते दुसरीकडे जाते, आणि कोठे गेले याची नोंद राहिली नाही, तर प्रश्न केवळ पत्ता बदलतो.

कायद्याची बाजू अगदीच रिकामी नाही. भारताने स्टॉकहोम करार २००६ मध्ये मान्य केला. करारात पेंटा आणि ऑक्टाचे घटक २००९ मध्ये, एचबीसीडी २०१३ मध्ये, तर डेका २०१७ मध्ये समाविष्ट झाले. भारताच्या मार्च २०१८ च्या नियमांनी सात चिवट रसायनांवर बंदी घातली. त्यांत पेंटा, ऑक्टा आणि एचबीसीडी होते, डेका नव्हते. नव्या विद्युत उपकरणांत पीबीडीई ०.१ टक्क्यापेक्षा अधिक नसावेत, ही अट २०१४ पासून ई-कचऱ्याच्या नियमांत आहे. मोटारींसाठी आयुष्य संपलेल्या वाहनांचे नियम जानेवारी २०२५ मध्ये अधिसूचित होऊन १ एप्रिल २०२५ पासून अमलात आले. मोडीत निघालेल्या मोटारीच्या पोलादाला भाव असतो, सीटच्या फोमला जवळपास नसतो. अशा फोमचे तुकडे चिकटवून स्वस्त गाद्या बनवण्याची पद्धत जुनी आहे. फोममध्ये ज्वालारोधक असेल, तर तेही गादीत येते आणि त्या गादीवर बहुधा मूलच झोपते. या नियमांची खरी कसोटी येथे लागणार आहे.

एक गेले, दुसरे आले

बंदीनंतरची कथाही फारशी उत्साहवर्धक नाही. अमेरिकेत मुलांच्या रात्रीच्या कपड्यांत ट्रिस नावाचे ब्रोमिनयुक्त रसायन वापरले जात असे. आर्लीन ब्लम आणि ब्रूस एम्स या शास्त्रज्ञांनी त्याच्या धोक्याकडे लक्ष वेधल्यावर १९७७ मध्ये ते कपड्यांतून हद्दपार झाले. (याच ब्लमबाईंनी पुढच्या वर्षी महिलांच्या अन्नपूर्णा मोहिमेचे नेतृत्व केले.) त्याची जागा घेणाऱ्या क्लोरिनयुक्त ट्रिसवरही त्यांनी आक्षेप घेतला आणि तेही कपड्यांतून गेले. मात्र २०११ मध्ये लहान मुलांच्या गाद्या, उशा, आसने यांतील फोम तपासला, तेव्हा हेच क्लोरिनयुक्त ट्रिस सर्वाधिक वेळा सापडले. पीबीडीईंना पर्याय म्हणून ते फोममध्ये परतले होते.

मोटारींतही आज अशीच सेंद्रिय फॉस्फेटे आहेत. २०१५ नंतरच्या १०१ मोटारींची अमेरिकेत तपासणी झाली आणि २०२४ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ९९ टक्के मोटारींच्या आतील हवेत टीसीआयपीपी हे रसायन होते. उन्हाळ्यात त्याचे प्रमाण हिवाळ्याच्या दोन ते पाच पट होते आणि उगम होता सीटचा फोम. एप्रिल-मे महिन्यांत निगडी किंवा भोसरीत उघड्यावर उभी केलेली मोटार किती तापते, हे वाचकांना सांगायला नको. आगीत मोटारीतील माणसाला वाचवण्यासाठी हे जुने मानक कितपत उपयोगी पडते, अशी शंका तेथील अग्निशमन जवानांच्या संघटनेनेच घेतली आहे. मानकाचा पुनर्विचार भारतातही व्हायला हवा.

तोपर्यंत हाती असलेले उपाय साधे आहेत. मोटार सावलीत उभी करावी, बसल्यावर काही मिनिटे काचा खाली ठेवाव्यात. फाटलेल्या सीटमधून किंवा गादीतून फोमचा भुगा पडू देऊ नये. फरशी कोरड्या केरसुणीऐवजी ओल्या फडक्याने पुसावी. फोम कापणे, प्लास्टिक दळणे, जुनी यंत्रे खोलणे अशी कामे करणाऱ्यांनी कामाचे कपडे घरात आणण्यापूर्वी बदलावेत आणि मुलांच्या कपड्यांपासून वेगळे धुवावेत. मुलांचे हात जेवणापूर्वी साबणाने धुवावेत. न्यूयॉर्कमधील काही महिलांनी वारंवार हात धुण्याचा आणि घर स्वच्छ करण्याचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. काही दिवसांतच त्यांच्या लघवीतील फॉस्फेट ज्वालारोधकांचे अंश लक्षणीय घटले. ही फॉस्फेटे शरीरातून लवकर बाहेर पडतात, म्हणून आठवड्याभरात फरक दिसतो. पेंटाच्या बाबतीत मात्र तो दिसायला काही वर्षे लागतात.