अनुकारक, खेळयंत्रांचे

जुन्या खेळयंत्राच्या वर्तनाची नक्कल करून त्यासाठी रचलेले खेळ अन्य संगणकावर चालविणाऱ्या आज्ञावलीस अनुकारक किंवा एम्युलेटर म्हणतात. एका संगणकप्रणालीसाठी लिहिलेला अनुकारक दुसरीस जुळवून घेणे, हे त्याचे स्थानांतर होय.

या तंत्राची गरज प्रथम व्यापारी संगणकांत भासली. १९६४ मध्ये जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/३६० मालिकेतील काही संगणक जुन्या १४०१ संगणकाच्या आज्ञावल्या चालवू शकत. निन्टेंडोचे फॅमिली कंप्यूटर हे खेळयंत्र जपानमध्ये १९८३ साली विक्रीस आले. त्याच्या स्वस्त नकला पुढे भारतीय शहरांत पसरल्या. खेळाच्या सुट्या पेटीस येथे ‘कॅसेट’ म्हणत.

प्रारंभीच्या अनुकारकांत वेगासाठी विशिष्ट प्रक्रियकाची जुळणी भाषा वापरीत. १९९७ मधील नेस्टिकल हा अनुकारक त्यामुळे सामान्य वैयक्तिक संगणकावरही वेगाने चाले. परंतु अशी आज्ञावली अन्य प्रक्रियकावर नेता येत नाही. याउलट, त्याच वर्षी निकोला साल्मोरिया यांनी सुरू केलेला मेम हा प्रकल्प मुख्यतः सी भाषेत लिहिलेला असल्याने लवकरच युनिक्स व मॅकिंटॉश संगणकांवर नेण्यात आला. स्थानांतरात दोन अडचणी विशेष येतात : चित्र, ध्वनी व कळा हाताळण्याची पद्धत प्रत्येक प्रणालीत निराळी असते आणि बहुबाइटी संख्येतील बाइटांचा क्रम सर्व प्रक्रियकांत सारखा नसतो. पहिलीवर १९९८ मधील एसडीएलसारख्या सामाईक आज्ञासंग्रहांनी तोडगा काढला. २०१३ पासून इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेने जुन्या यंत्रांचे खेळ न्याहाळकातच चालविण्याची सोय केली.

अनुकारक बनविणे आणि खेळांच्या प्रती वाटणे या कायद्याच्या दृष्टीने भिन्न गोष्टी आहेत. भारतीय प्रताधिकार अधिनियमात १९९९ च्या दुरुस्तीने, आंतरकार्यक्षमतेसाठी आवश्यक माहिती मिळविण्यास काही अटींवर मुभा दिली. खेळांवरील प्रताधिकार मात्र अबाधित राहतो.

कृती टिकली, तरी ती वाचण्याचे साधन नष्ट झाल्यास ती मूक होते. वऱ्हाडातील रिद्धपूर (जि. अमरावती) हे महानुभाव पंथाचे प्रमुख स्थान. या पंथाच्या सांकेतिक लिपींतील पोथ्या जपल्या गेल्या; पण वि. का. राजवाडे यांनी लिपीची किल्ली उलगडेपर्यंत बाहेरच्या अभ्यासकांस त्या बंदच होत्या. खेळयंत्रांची मंडले झिजत आहेत. त्यांच्याबाबत अशी किल्ली अनुकारक पुरवितो, आणि ती प्रत्येक नव्या पिढीच्या संगणकासाठी पुन्हा घडवावी लागते.