१,३६५ किलोमीटरचं गोल्फ कोर्स! एक होल खेळा, गाडीत बसा आणि पुढच्या होलसाठी पुढचं गाव गाठा

गोल्फचं नेहमीचं मैदान म्हणजे सहा-सात किलोमीटरची चाल. अठरा होल, मऊ गवत आणि चार-पाच तासांत खेळ खल्लास. ऑस्ट्रेलियात मात्र एक गोल्फ कोर्स असं आहे, जिथे अठरा होल पूर्ण करायला तीन-चार दिवस लागतात आणि गाडीत पेट्रोल भरून ठेवावं लागतं. नाव आहे नलारबोर लिंक्स. लांबी १,३६५ किलोमीटर, म्हणजे आपल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गाच्या जवळपास दुप्पट.

दक्षिण ऑस्ट्रेलियातलं सेडुना आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातलं कालगुर्ली, ही या कोर्सची दोन टोकं. मध्ये नलारबोरचं ओसाड मैदान. नलारबोर या नावाचा अर्थच मुळी ‘एकही झाड नाही’ असा. त्यातून आयर हायवे जातो. वाटेतली छोटी गावं आणि रोडहाऊस, म्हणजे पेट्रोल पंप, जेवण आणि मुक्काम एकाच ठिकाणी मिळणारे थांबे, यांच्या शेजारी एकेक होल आहे. काही होलमधलं अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास, तर बॉर्डर व्हिलेज आणि युक्ला हे दोन थांबे जेमतेम बारा किलोमीटरवर.

पण हा उद्योग कशासाठी?

कारण हा रस्ता कंटाळवाणा आहे आणि कंटाळा इथे जीव घेऊ शकतो. कायगुनाजवळ सलग १४६.६ किलोमीटर रस्त्याला एकही वळण नाही. समोर तेच दृश्य, स्टिअरिंग हलवायचं काम नाही, मग डोळे उघडे असूनही मेंदू झोपायला लागतो. समृद्धीवरच्या अपघातांनंतर आपल्याकडे ‘रोड हिप्नोसिस’ची चर्चा झाली, ती याच प्रकाराची. ‘थांबा, विश्रांती घ्या’ असे बोर्ड लावता येतात, पण घाईत असलेला ड्रायव्हर ते वाचून पुढे निघतो. होल खेळायचा असेल, तर मात्र उतरावंच लागतं. पाय मोकळे होतात, डोकं जागं होतं.

दुसरं कारण पोटाचं. लोक टाकी फुल्ल करून सुसाट निघून जायचे, त्यामुळे या थांब्यांना धंदा कसा मिळणार? २००९ मध्ये कोर्स सुरू झालं आणि प्रवाशांना थांबायला निमित्त मिळालं.

इथे हिरवळीची अपेक्षा करू नका. चेंडू पहिल्यांदा मारायची जागा आणि शेवटचं ग्रीन कृत्रिम गवताचं. मधला पट्टा जसा आहे तसा, दगड, माती, खुरटी झुडपं. त्यात गेलेला चेंडू सापडला तर नशीब. गोल्फची काठी नसेल तर भाड्यानेही मिळते, त्यामुळे आयुष्यात कधीच गोल्फ न खेळलेली मंडळीही इथे हात साफ करून घेतात.

खरी गंमत होलच्या नावांत आहे. कायगुनाच्या होलचं नाव त्या सरळसोट रस्त्यावरून ‘नाईन्टी माईल स्ट्रेट’. युक्लाचा ‘नलारबोर निम्फ’. १९७१-७२ मध्ये इथे कांगारूंसोबत एक अर्धनग्न तरुणी फिरते अशी बातमी पसरली, परदेशातून पत्रकार धावत आले आणि शेवटी कळलं की सगळी थाप होती! थोडक्यात, व्हायरल फेक न्यूज व्हॉट्सॲपच्या आधीपासून आहे.

बॅलाडोनियाचा होल आहे ‘स्कायलॅब’. घरातल्या आजी-आजोबांना हे नाव सांगून बघा. १९७९ च्या जुलैत नासाचं हे अंतराळ स्थानक कोसळणार म्हणून भारतातही घबराट होती. प्रत्यक्षात अवशेष पडले ते इकडे, आणि एस्परन्सच्या स्थानिक प्रशासनाने कचरा टाकल्याबद्दल नासाला चक्क ४०० डॉलरचा दंड ठोठावला.

आणखी एक गोंधळ घड्याळाचा. दोन राज्यांच्या वेळा वेगळ्या आहेतच, पण युक्लाच्या आसपास लोक पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वेळेपेक्षा पाऊण तास पुढची, स्वतःची अनधिकृत वेळ पाळतात. त्यामुळे सोबत गोल्फ खेळणाऱ्यांचं ‘किती वाजले?’ यावरून वाजू शकतं.

कालगुर्लीला पोहोचलं की शेवटी खरं हिरवं गवत दिसतं. सोन्याच्या खाणींच्या या शहरात १९०३ पासून सुमारे ५३० किलोमीटरच्या पाइपलाइनने पाणी येतं. अठराही होलचे शिक्के स्कोअरकार्डवर असतील, तर इथे प्रमाणपत्र मिळतं. उलट दिशेने आलात तर ते सेडुनात.