शिकाऱ्यांच्या हातची नियमावली

१९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्याच्या सतराव्या कलमात शिकार कशी करू नये याची लांबलचक यादी होती. मोटारीतून करू नये, विमानातून करू नये. सूर्य मावळल्यावर करू नये, दिवा मारून करू नये. पाणवठ्यावर किंवा मिठाच्या चाटणीवर टपून बसू नये. विष, स्फोटके, जाळी, खड्डे वापरू नयेत. आणि सर्वांत शेवटी, कुत्र्यांच्या मदतीने शिकार करू नये. अपवाद फक्त पाणपक्षी, चकोर, तितर आणि लाव्यांचा. हा अपवाद बंदूक हाताळलेल्या माणसालाच सुचेल. बदक दलदलीत पडले की ते शोधून आणायला कुत्रा लागतो, नाहीतर मेलेला पक्षी वाया जातो. सांबराच्या किंवा बिबट्याच्या मागे कुत्र्यांची झुंड सोडणे वेगळे. तिथे कुत्रा जनावर दमवतो, कोंडतो आणि शिकाऱ्याचे निम्मे काम आयते करून ठेवतो.

असल्या बारकाव्यांची जाण मुंबईत ज्या एका संस्थेत साठत गेली, ती म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी, आपल्या तोंडची ‘बीएनएचएस’. आज ती निसर्गप्रेमींची आणि पक्षिनिरीक्षकांची संस्था म्हणून ओळखली जाते. पण तिच्या पहिल्या साठ-सत्तर वर्षांत तिथे वावरणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या घरी भिंतीवर शिंगे टांगलेली असत. ही गोष्ट संस्थेने लपवली नाही, आणि लपवण्यासारखी ती नाहीही.

१५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये, म्हणजे आजच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात, आठ जण जमले. त्यांतले दोघे आपले होते. डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर हे प्रार्थना समाजाचे पहिले अध्यक्ष. गिरगावातल्या एका नाक्याला त्या समाजाचे नाव अजून आहे. दुसरे डॉ. सखाराम अर्जुन राऊत, वनस्पतींचे अभ्यासक आणि रखमाबाईंचे सावत्र वडील. उरलेल्या साहेबांत ई. एच. एटकेन होते. ते सरकारच्या मीठ आणि जकात खात्यात नोकरीला होते आणि ‘इएचए’ या सहीने विनोदी निसर्गलेख लिहीत. संस्थेचे पहिले मानद सचिव तेच.

संस्थेला जागा नव्हती. पुढच्या वर्षी एच. एम. फिप्सन यांनी फोर्ब्स स्ट्रीटवरच्या आपल्या दारूच्या दुकानातली एक खोली दिली. खोलीत सापांच्या बरण्या, शेजारी विलायती मद्याचे खोके! १८८६मध्ये एटकेन आणि आर. ए. स्टर्नडेल यांच्या संपादनाखाली संस्थेचे जर्नल निघू लागले. स्टर्नडेल हे मध्य प्रांतातल्या सिवनीच्या जंगलात शिकार केलेले गृहस्थ. भारतातल्या सस्तन प्राण्यांवर त्यांचा ग्रंथ आहे, आणि त्यातली बरीच माहिती रानात बंदूक घेऊन हिंडून मिळवलेली आहे. त्या काळी प्राण्याचे ज्ञान बहुधा तो मेल्यावरच हाती येई.

जर्नलचे जुने अंक चाळले तर शिकाऱ्यांची पत्रे पानोपानी भेटतात. वाघाची लांबी कशी मोजायची, नाकापासून शेपटीपर्यंत अंगाच्या वळणावरून दोरी फिरवून, की डोक्याशी आणि शेपटीशी खुंट्या ठोकून सरळ? यावर माणसे हमरीतुमरीवर येत, कारण पहिल्या पद्धतीने वाघ काही इंच आपोआप वाढतो. रानकुत्र्यांवरही वाद रंगत. कुणी त्यांना हरणांचे वैरी म्हणून मारून टाकायला सांगे, कुणी त्यांच्या झुंडीने बिबट्याला झाडावर चढवल्याच्या हकिकती कौतुकाने कळवी. आज आपल्याला हे सगळे ओशाळवाणे वाटते. तरी हीच पत्रे पुढे पुराव्याच्या कामी आली. अमुक जंगलात पूर्वी काय होते आणि आता काय उरले नाही, हे ठाऊक होते ते ही पत्रे लिहिणाऱ्यांनाच.

कायदा तोवर मागेच होता. १९१२च्या वन्य पक्षी आणि प्राणी संरक्षण कायद्याने हरणे, काळवीट, गवे, गेंडे आणि बरेच पक्षी यांच्यासाठी विणीच्या हंगामात बंदी घालता येऊ लागली. मोडणाऱ्याला पहिल्या वेळी पन्नास रुपयांपर्यंत दंड. वाघ, बिबटे, लांडगे या यादीत नव्हतेच. उलट त्यांना मारल्याबद्दल सरकार बक्षीस देई. ज्या साहेबाला काळविटासाठी हंगाम पाहावा लागे, त्याला वाघिणीसाठी कसलाही हंगाम नव्हता.

याच सुमारास गिरगावच्या खेतवाडीत मामाकडे वाढणाऱ्या एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. मामा स्वतः शिकारी आणि सोसायटीचे सभासद. त्यांनी मुलाला संस्थेचे सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले. मिलार्ड यांनी त्याला कपाटांतले जतन केलेले पक्षी दाखवले. साल १९०८, मुलाचे नाव सालिम अली. ही कथा शाळेच्या पुस्तकांमुळे घरोघर पोहोचली आहे. मुलाने चिमणी मारली म्हणून संस्थेत कुणी डोळे वटारले नाहीत, एवढेच तिच्यात लक्षात ठेवण्यासारखे.

१९३०च्या दशकात सूर बदलला. संस्थेचे क्युरेटर एस. एच. प्रॅटर यांनी वन्यप्राण्यांच्या रक्षणावर जर्नलमध्ये लेखमाला चालवली. तिचे एक कारण मोटार होते. पूर्वी बैलगाडीने पोहोचायला आठवडा लागे, तिथे आता संध्याकाळी निघून पहाटे परतता येई. दिव्याच्या झोतात हरणाचे डोळे चमकले की घोडा दाबायचा. ले. कर्नल आर. डब्ल्यू. बर्टन यांच्यासारखे आयुष्यभर शिकार केलेले म्हातारे याविरुद्ध लिहू लागले. त्यांना शिकारीची लाज वाटत नव्हती. त्यांना चीड होती ती बेकायदा आणि आळशी शिकारीची.

१९४८मध्ये जर्नलकडे एक छायाचित्र आले. मध्य भारतातल्या कोरिया संस्थानच्या राजाने आदल्या वर्षी तीन चित्ते मारले होते; रात्री, मोटारीतून, दिव्याच्या उजेडात. हे भारतातले शेवटचे चित्ते असावेत, असे आज मानले जाते. पाठवणाऱ्याने ते ‘रोचक’ म्हणून पाठवले होते. संपादकांनी छापले, पण खाली टीप जोडली: मजकूर वाचून किळस आली, तो केराच्या टोपलीत टाकायचा होता, गौरव म्हणून नव्हे तर आरोपपत्र म्हणून छापतो आहोत. शंभर भाषणांनी जे साधले नसते ते त्या एका टिपेने साधले, असे मला वाटते. शिकाऱ्यांच्याच जर्नलने शिकाऱ्याला सभ्यतेबाहेर काढले होते.

त्यानंतर तीन वर्षांनी मुंबई राज्याने वन्यप्राणी आणि वन्यपक्षी संरक्षण कायदा केला, १९५१चा. तो घडवण्यात संस्थेतल्या हुमायून अब्दुलाली यांचा मोठा वाटा होता. हे अब्दुलालीही बंदूक चालवणारे. पुढे बेडकांच्या तंगड्यांची निर्यात थांबावी म्हणून ते वर्षानुवर्षे भांडत राहिले आणि १९८७मध्ये ती थांबली.

परवान्यांचा धंदा मात्र १९५० आणि ६०च्या दशकांत जोरात होता. जंगलाचे तुकडे पाडून ते शिकाऱ्यांना ठरावीक दिवसांसाठी मिळत. नागपुरात परदेशी पाहुण्यांना वाघाच्या शिकारीला नेणारी कंपनी होती, तिचे संस्थापक विद्याचरण शुक्ल पुढे केंद्रात मंत्री झाले. १९७०मध्ये वाघाच्या शिकारीवर देशभर बंदी आली. दोन वर्षांनी आलेला कायदा मुख्यतः एम. के. रणजितसिंह यांनी लिहिला. ते प्रशासकीय सेवेतले अधिकारी आणि वांकानेरच्या राजघराण्यातले, म्हणजे शिकारीची परंपरा घरातूनच ओळखणारे. त्या कायद्यातही विशेष शिकार, मोठी शिकार आणि लहान शिकार असे वेगवेगळे परवाने होतेच. म्हणूनच सतराव्या कलमाची गरज होती.

शिकारीत कुत्रे वापरावेत की नाही, हा प्रश्न अमेरिकेच्या पश्चिम भागात आजही जिवंत आहे. तिथे प्यूमा, म्हणजे कूगर, शोधायला कुत्र्यांच्या गळ्यात जीपीएसचे पट्टे बांधतात. कुत्री भुंकत त्याला झाडावर चढवतात, शिकारी मागून निवांत येतो. ऑरेगन राज्यातल्या मतदारांनी १९९४मध्ये आणि वॉशिंग्टनमधल्या मतदारांनी १९९६मध्ये कुत्र्यांचा असा वापर थांबवला. २०२४मध्ये कोलोरॅडोत प्यूमाच्या शिकारीवरच बंदी घालण्याचा प्रस्ताव मतदानात पडला. तिथे हा निर्णय मतपेटीत होतो. आपल्याकडे या वादाला मतपेटी कधी दिसलीच नाही. तो आधी जर्नलच्या पानांवर झाला, मग मंत्रालयांत.

१९९१ला संसदेने परवाने रद्द केले, शिकार सरसकट बंद केली आणि सतरावे कलम गाळून टाकले. तर्क सरळ होता: शिकारच नाही, तर ती कशी करावी याचे नियम कशाला? पण अकराव्या कलमाची वाट उघडी राहिली. माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या प्राण्याला मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतो. शेतीची नासधूस करणाऱ्या रानडुकरांसाठीही परवानगीचे मार्ग आहेत. म्हणजे शिकार संपलेली नाही, ती सरकारी हुकमाने होते. आणि या हुकमाखाली दिवा मारावा की नाही, मोटारीतून गोळी झाडावी की नाही, कुत्रे न्यावेत की नाही, हे कायदा आता सांगत नाही. ते प्रत्येक आदेशावर आणि विभागांच्या कार्यपद्धतीवर सोडलेले आहे.

२०१८मध्ये यवतमाळच्या पांढरकवडा भागात हे दिसले. माणसे मारल्याचा ठपका असलेल्या अवनी वाघिणीला शोधण्यासाठी एका गोल्फपटूचे दोन इटालियन जातीचे कुत्रे आणले गेले. कुत्र्यांनी काही साधले नाही. २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीजवळ उघड्या जीपमधून झाडलेल्या गोळीने ती मेली. त्यावर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने चौकशी समिती नेमली. रात्र, वाहन आणि कुत्रे, तिन्ही गोष्टी १९७२च्या यादीत नावानिशी होत्या. माणसे मारणाऱ्या जनावरासाठी ढील द्यावी लागेल, हे खरे; जुन्या कलमातही मांसाहारी प्राण्याने मारून ठेवलेल्या जनावरापाशी परवान्याने रात्री बसण्याची सोय होती. पण सूट कुठे संपते हे तिथे लिहिलेले होते.

बीएनएचएसच्या हॉर्नबिल हाऊसमधल्या संग्रहात आज लाखाच्या वर नमुने आहेत, आणि संस्थेतले संशोधक कॅमेरे, पक्ष्यांच्या पायांतली वळी आणि उपग्रहांचे टॅग घेऊन काम करतात. बंदूक उचलणारा सभासद आता तिथे शोधावा लागेल, आणि ते बरेच आहे. तरी अकराव्या कलमाखाली जी शिकार उरली आहे तिच्यासाठी सतराव्या कलमासारखे काहीतरी पुन्हा कायद्यात लिहिले जावे, आणि ते लिहिताना जर्नलचे जुने अंक समोर असावेत, असे मला वाटते.