पशुवैद्यकीय शवविच्छेदन आणि प्रयोगशाळेतील तंत्रज्ञ

आषाढातल्या एखाद्या सकाळी रत्नागिरी जिल्ह्यातील वाडीवर बैल मेलेला आढळतो. आदल्या संध्याकाळी तो चरून धडधाकट परत आलेला असतो. साप चावला, विषारी पाला खाल्ला, कोणी विष घातले, की साथ आली? पहिल्या तिन्हींत नुकसान बहुधा त्या गोठ्यापुरते राहते. साथ असेल तर मात्र शेजारच्या वाडीतील जनावरे आणि क्वचित माणसेही धोक्यात येतात. याचा निवाडा शवविच्छेदनाने होतो. अहवालावर सही पशुधन विकास अधिकाऱ्याची असते. परंतु त्या सहीला आधार देणारे निम्मे काम प्रयोगशाळेतील तंत्रज्ञाने केलेले असते, याची कल्पना पशुपालकालाही सहसा नसते.

पशुरोगनिदानाची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत परळ येथे 1886 साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झाले. आज इज्जतनगर येथे असलेल्या भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्थेचा उगमही 1889 मध्ये पुण्यात झाला. आज राज्यातील गुंतागुंतीचे नमुने पुण्याच्या औंध येथील रोग अन्वेषण विभागाकडे जातात. रत्नागिरीहून तेथपर्यंतचे अंतर सुमारे 300 किलोमीटर आहे आणि मध्ये आंबा किंवा कुंभार्लीसारखा घाट आहे. कोकणात शवविच्छेदन बहुतेक वेळा गोठ्याशेजारी किंवा माळावर होते, तपासणी मात्र घाटावर. या दोहोंमधील प्रवासात नमुना टिकला तरच निदान होते.

या कामातील पहिला नियम न कापण्याचा आहे. जनावर अचानक दगावले असेल, नाकातोंडातून वा गुदद्वारातून न गोठणारे काळपट रक्त येत असेल आणि शरीर नीट ताठरले नसेल, तर फाशी या रोगाचा संशय घेतात. माणसात हाच रोग काळपुळी म्हणून ओळखला जातो. अशा जनावराचे शव उघडले तर जंतूंचा हवेशी संबंध येऊन त्यांचे बीजाणू बनतात आणि ते मातीत कित्येक वर्षे जिवंत राहतात. म्हणून कानाच्या शिरेतील रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरून तो आधी तपासायचा असतो. मिथिलीन ब्ल्यूने रंगवल्यावर निळ्या दांड्यांसारखे जंतू आणि त्यांच्याभोवती गुलाबी वेष्टण दिसले, तर सुरी उचलायचीच नाही. शव जाळायचे किंवा खोल पुरायचे. पाच मिनिटांचे हे काम कंटाळा करून टाळले, तर एका गाईपायी अख्खे कुरण दूषित होऊ शकते.

हा संशय फिटल्यावर शव उघडतात. गाय-बैल डाव्या कुशीवर निजवतात, म्हणजे प्रचंड रवंथकोठी खाली राहते आणि बाकीचे अवयव नीट पाहता येतात. काम दिवसाउजेडी करणे श्रेयस्कर, कारण काविळीचा पिवळेपणा दिव्याच्या प्रकाशात फसवतो. कोकणच्या दमट हवेत वेळ हाच मोठा शत्रू आहे. रवंथ करणाऱ्या जनावराचे पोट मेल्यानंतरही आंबत व तापत राहते, त्यामुळे काही तासांतच आतडी हिरवट पडतात. पोट मेल्यानंतरही फुगते. अननुभवी माणूस त्यालाच पोटफुगीने आलेला मृत्यू समजतो. कधी कारण अगदी उघडे असते. चाऱ्यातून गेलेली तार जाळीपोटातून पडदा भेदून हृदयापर्यंत पोहोचलेली सापडते, तर शहरातील मोकाट गाईच्या पोटातून प्लास्टिकचा गोळा निघतो.

नमुने घेणे हा तंत्रज्ञाच्या कौशल्याचा खरा प्रांत होय. सूक्ष्मदर्शकासाठीचा अवयवाचा तुकडा जेमतेम अर्धा सेंटिमीटर जाडीचा हवा आणि त्याच्या दहापट दहा टक्के फॉर्मॅलिन हवे. तुकडा मोठा असला की बाहेरून टिकतो आणि आतून कुजतो. बरणी रुंद तोंडाची लागते, कारण मऊ यकृत आत सहज जाते, पण फॉर्मॅलिनमध्ये कडक झाले की अरुंद तोंडातून बाहेर येत नाही. जंतू वाढवून पाहायचे असतील तर मात्र फॉर्मॅलिनचा थेंबही चालत नाही. तो नमुना निर्जंतुक बाटलीत, बर्फावर ठेवून पाठवायचा. विषबाधेचा संशय असेल तर पोटातील अन्न, यकृत व मूत्रपिंड वेगवेगळ्या बरण्यांत मोहोरबंद करून न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जातात. शव फार कुजले असेल, तर घटसर्पासाठी पायाचे लांब हाड पाठवतात. आतील मज्जा बराच काळ शाबूत राहते. चिठ्ठी पेन्सिलीने लिहायची, कारण शाई अल्कोहोलमध्ये विरघळते. चिठ्ठी हरवलेला नमुना उत्तम असूनही निरुपयोगी ठरतो. चूक येथे झाली, तर पुण्यातील कितीही महागडे यंत्र ती दुरुस्त करू शकत नाही.

प्रयोगशाळेत पोहोचलेला तुकडा क्रमाने वाढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून जातो, पाणी निघून जाते, मग झायलिन आणि शेवटी वितळलेले मेण. मेणाच्या ठोकळ्यातून मायक्रोटोम यंत्राने चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. हे काप कोमट पाण्यावर तरंगवून काचपट्टीवर घ्यावे लागतात. पाणी जास्त तापले तर ते विरतात, पाते बोथट असेल तर त्यांवर रेघा उमटतात. पुढे हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या रंगांनी पेशींचे केंद्रक निळे-जांभळे व उरलेला भाग गुलाबी दिसू लागतो. सुरकुती पडलेला काप उत्तम विकृतिशास्त्रज्ञालाही चकवतो.

हे काम धोक्याचेही आहे. पिसाळलेल्या जनावराचा मेंदू काढणाऱ्याने रेबीजची प्रतिबंधक लस आधीच घेतलेली असली पाहिजे. हातमोजे हा तिला पर्याय नव्हे. पक्ष्यांचे शव उघडण्यापूर्वी पिसे जंतुनाशकाने भिजवतात, म्हणजे धूळ उडत नाही. फेब्रुवारी 2006 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे देशातील पहिला बर्ड फ्लू उघडकीस आला, तेव्हा त्याचे निश्चित निदान भोपाळच्या अतिसुरक्षित प्रयोगशाळेने केले. रत्नागिरीला लागून असलेल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात 2016 साली माकडताप पसरला. त्या रोगात मेलेले माकड हा माणसांसाठी आगाऊ इशारा असतो. पण त्याचे शव हाताळताना अंगावरील गोचिडींपासून जपणे आवश्यक असते.

शवविच्छेदनाच्या नोंदींतून कधी कायदेही बदलतात. मेलेल्या गिधाडांच्या अवयवांवर युरिक आम्लाचा पांढरा, खडूसारखा थर आढळला आणि त्यावरून जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दोषी असल्याचे 2004 मध्ये सिद्ध झाले. भारताने त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर 2006 मध्ये बंदी घातली. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने कोकणात गिधाडांसाठी जे काम केले, त्याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते.

पशुपालकाच्या दृष्टीने या कागदाची किंमत रोख असते. विम्याचा दावा मृत्यूच्या कारणावर ठरतो. लम्पीच्या साथीत 2022 साली राज्याने दुभत्या गाईसाठी 30 हजार, ओढकाम करणाऱ्या बैलासाठी 25 हजार आणि वासरासाठी 16 हजार रुपये मदत जाहीर केली. तीही गाय लम्पीनेच गेल्याची नोंद झाली तरच.

असे असूनही या कामाला प्रतिष्ठा कमी. त्याचे एक कारण आपल्या इतिहासात आहे. मेलेली गुरे ओढण्याचे काम येथे जातीने लादले गेले होते आणि 1927 च्या महाड परिषदेत डॉ. आंबेडकरांनी ते सोडून देण्याचे आवाहन केले होते. आजही माळावर सुरी धरणारा व्रणोपचारक किंवा परिचर अनेकदा पुरेशा हातमोज्यांविना, साध्या चपलांत उभा असतो. गमबूट, ॲप्रन आणि लस यांवरचा खर्च किरकोळ आहे. तो आधी व्हावा, सूक्ष्मदर्शक नंतर आला तरी चालेल.

अहवाल रवाना झाला तरी तंत्रज्ञाचे काम संपत नाही. मेणाचे ठोकळे क्रमांक घालून कपाटात ठेवले जातात आणि ते वर्षानुवर्षे टिकतात. पुढे कधी तशीच जनावरे पुन्हा मरू लागली, तर जुना ठोकळा काढून त्याचा नवा काप घेता येतो.