जपानी लोकल गाड्या, जकार्तातील

टोकियो परिसरातील सेवेतून काढलेल्या आणि इंडोनेशियाची राजधानी जकार्ता येथे पुन्हा प्रवासी वाहतुकीला लावलेल्या विजेच्या उपनगरी गाड्या. जुन्या लोकलच्या पुनर्वापराचे इतके मोठे उदाहरण जगात क्वचितच सापडेल.

हे जमले ते रूळ आणि वीज यांच्या मेळामुळे. जावातील डचकालीन लोहमार्ग प्रामुख्याने १,०६७ मिमी मापाचे. जपाननेही १८७२ मध्ये पहिला लोहमार्ग त्याच मापाचा टाकला. जकार्तात, तेव्हाच्या बटाव्हियात, १९२५ च्या एप्रिलमध्ये १,५०० व्होल्ट डीसीवर लोकल सुरू झाली. मुंबईत त्याच दाबावर पहिली विजेची गाडी धावून तेव्हा जेमतेम दोन महिने झाले होते. टोकियोच्या बहुतेक उपनगरी मार्गांवर आजही हाच दाब आहे. त्यामुळे जपानहून आलेल्या डब्यांच्या चाकांना वा मोटारींना मुळातून हात लावावा लागला नाही.

सुरुवात २००० साली झाली. टोकियोच्या मिता भुयारी मार्गावरील ६००० मालिकेचे ७२ वातानुकूलित डबे देणगी म्हणून आले. जकार्तातील फलाट ठेंगणे, म्हणून दारांखाली पायऱ्या जोडल्या; दगडफेकीची भीती, म्हणून मोटरमनच्या काचेपुढे जाळी आली. पुढे खाजगी कंपन्यांच्या आणि टोकियो मेट्रोच्या गाड्याही विकत घेतल्या गेल्या.

खरा कायापालट केला तो जेआर ईस्ट या जपानी रेल्वे कंपनीच्या २०५ मालिकेने. १९८५ मध्ये टोकियोच्या यामानोते मार्गावर अवतरलेल्या या गाड्यांचे स्टेनलेस स्टीलचे डबे हलके आणि गंजाला दाद न देणारे. साइक्यो, योकोहामा, नांबू आणि मुसाशिनो मार्गांवरचे मिळून ८०० हून अधिक डबे २०१३ पासून जकार्तात आले. त्यांत चढउतार लवकर व्हावी म्हणून एका बाजूला सहा दारे ठेवलेले डबेही होते. केवळ डबे विकून जेआर ईस्ट थांबली नाही. देखभालीचे तंत्र शिकवायला तिने आपली माणसेही पाठवली. जुनी गाडी दुसऱ्या देशात टिकते ती कारशेडमधील देखभालीच्या जोरावर, हे या व्यवहारात नीट ओळखले गेले.

आयुष्य संपलेले अनेक डबे पश्चिम जावातील पुरवाकार्ता स्थानकालगत एकावर एक रचून ठेवले गेले. २०२३ मध्ये इंडोनेशिया सरकारने आणखी वापरलेल्या गाड्या आणायला नकार दिला. त्यानंतर माडियून येथील इन्का या सरकारी कारखान्याकडे आणि चीनच्या सीआरआरसी कंपनीकडे नव्या गाड्यांची मागणी नोंदवण्यात आली.