नाव गेलं, फुलपाखरू नाही

‘उन्हाळ्याअखेर फुलपाखरं घटली’ हे वाक्य युरोपातल्या शोधनिबंधात वाचलं आणि भूगावला लावलं की घोळ होतो. तिकडचा उन्हाळ्याचा शेवट म्हणजे ऑगस्ट. आपल्याकडे तेव्हा पाऊस. भूगावच्या टेकड्यांवर वैशाखात गवत वाळलेलं, टाकळा उगवायचाच असतो, त्यामुळे फुलपाखरं कमीच दिसणार. भाद्रपदात तीच टेकडी भरलेली असते. मग खरी घट ओळखायची कशी?

पहिला मोह होतो जुन्या यादीचा. चार्ल्स स्विन्हो हा लष्करी अधिकारी, १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांपैकी एक. मुंबई आणि दख्खनच्या फुलपाखरा-पतंगांवरचा त्याचा लेख १८८५ मध्ये लंडनला छापून आला. त्यातली नावं आजच्या नावांशी ताडायची आणि उरलेली ‘नष्ट’ म्हणायची, इतकं ते सोपं नाही.

लिनियसने १७५८ मध्ये ‘अल्माना’ आणि ‘अ‍ॅस्टेरी’ अशा दोन जाती नोंदवल्या. दोन्ही एकच, आपलं पीकॉक पॅन्सी! कोरड्या दिवसांत मिटलेले पंख वाळक्या पानासारखे, पावसाळ्यात त्यांवर डोळ्यांसारखे ठिपके. लायोनेल द निसेव्हिलने १८८० च्या दशकात कलकत्त्यात काही जातींचे सुरवंट पाळून अशा ऋतुरूपांचा छडा लावला. अशी दोन नावं एक झाली की यादी आखडते, फुलपाखरू मात्र एकही कमी झालेलं नसतं.

याच्या उलट जर्मनीतल्या क्रेफेल्डच्या हौशी कीटक-अभ्यासकांचं काम. त्यांनी नावांऐवजी सापळ्यांतल्या कीटकांचं वजन केलं. ६३ संरक्षित ठिकाणं, २७ वर्षं. २०१७ च्या निबंधात उडणाऱ्या कीटकांच्या वजनात ७६ टक्के घट, ऐन उन्हाळ्यात ८२. त्यातही निम्म्याहून जास्त ठिकाणी सापळे एकाच वर्षी लावले होते, यावर टीका झालीच. पण सापळा आणि पद्धत तीच ठेवल्यामुळे निदान वाद घालण्याजोगे आकडे तरी हाती आले.

भूगावला हा प्रश्न पुस्तकी नाही. पौड रस्त्यालगत इमारती वाढताहेत. जुनी यादी दाखवून बांधकामावर हरकत घेतली, तर समोरचा सल्लागार ती दोन मिनिटांत खोडेल. त्यापेक्षा ब्रिटनमध्ये १९७६ पासून करतात तसं करावं: ठरलेली वाट, ठरलेली चाल, दिसलेलं प्रत्येक फुलपाखरू मोजायचं. भाद्रपदाची तुलना भाद्रपदाशीच. सोबत त्या वाटेवर टाकळा, रुई, बाभूळ किती उरली तेही लिहायचं, कारण सुरवंट जगतात ते त्यांच्यावर.